औषध सुकेपर्यंत

अकोल्याच्या ज्या दवाखान्यात रेणुका नोकरीला होती, तिथे मोठमोठे डॉक्टरसुद्धा तिला वचकून असत. वॉर्डातल्या पेशंटला जंतूंची लागण होऊ नये, हे पाहण्याचं काम तिच्याकडे होतं आणि त्या कामात ती कोणाची भीडभाड ठेवत नसे. हात न धुता पेशंटजवळ गेलेल्या माणसाला ती दारातून परत पाठवायची, मग तो माणूस मेव्हणा असो की मंत्री. एकदा एका सर्जननं पेशंटच्या पोटाला औषध लावलं आणि ते लवकर वाळावं म्हणून फाईलनं वारा घातला. रेणुकानं सगळ्यांदेखत त्याला थांबवलं आणि पहिल्यापासून पुसायला लावलं. पाठीमागे तिला सगळे ‘सुकू द्या सिस्टर’ म्हणत. तिच्या ते कानावर होतं आणि तिला त्याचा थोडा तोराही होता.

तिचं सांगणं एवढंच असायचं. टोचण्याआधी, कापण्याआधी, नळी घातलेल्या जागेवर पट्टी बांधण्याआधी कातडीला जे औषध लावतात, ते आपलं काम सुकता सुकता करतं. पुसायचं नाही, वारा घालायचा नाही आणि फुंकर तर मुळीच मारायची नाही, कारण माणसाच्या तोंडात गटारीला लाजवतील इतके जंतू असतात. मनात साठ मोजायचे आणि गप उभं राहायचं.

हे तिला कोणत्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. हे तिनं बापाकडून घेतलं होतं. जानराव एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पू काढायचा, पट्ट्या बांधायच्या. वरवट बकालच्या शाळेतून येताना रेणुका डांबरी रस्त्यावर आपटायची, गुडघे सोलून घ्यायची आणि रडत घरी यायची. औषधानं आग झाली की म्हणायची, “बाबा, फुंका ना.” दुसऱ्यांचे बाप फुंकत. जानराव तिचं मनगट धरून म्हणत, “फुंकर नाई मारत बेटा. तोंडात घाण रायते. साठ मोज.” नाकातोंडातून पाणी गाळत ती साठ मोजायची. या माणसाला काळीज नाही, असं तेव्हा तिला मनापासून वाटायचं.

पुढे जानराव निवृत्त झाले आणि दोन वर्षांत किडनीनं अंग काढून घेतलं. त्या भागात याचं कोणाला नवल वाटत नाही. बोअरचं पाणी असं खारं की त्यात साबणाला फेस येत नाही, आणि किडनीचं दुखणं दर गल्लीत एकाला तरी. आठवड्यातून तीनदा शेगावला बस बदलून अकोल्याला जायचं आणि डायलिसिसच्या मशीनला लागायचं, हे काही त्यांना झेपेना. मग डॉक्टरांनी पोटात नळी बसवली. घरीच दिवसातून चार वेळा नळीतून पोटात पाणी सोडायचं, ते काही तास ठेवायचं आणि पिशवीत काढून घ्यायचं. किडनीचं काम पोटाच्या आतल्या पडद्याकडून करून घ्यायचं, असा तो प्रकार. आणि नळी पोटातून जिथं बाहेर येते, तिथली कातडी रोज औषधानं पुसायची. तिथून जंतू आत शिरला, की खेळ खलास.

जानरावांचे हात कापायला लागले होते. हे सगळं करणार कोण, तर त्यांची बायको सिंधूताई. शिक्षण चौथी. रेणुकानं सुट्टी काढून आठ दिवस आईला शिकवलं, आणि चौथी शिकलेल्या त्या बाईनं नर्सिंगच्या पोरींनी तोंडात बोट घालावं असं ते काम उचललं. खाऱ्या पाण्यात फेस येत नाही म्हणून हात धुवायला फिल्टरच्या पाण्याचा वेगळा जार लावला. खोलीचं दार-खिडकी बंद, आपल्या तोंडाला मास्क, ह्यांच्या तोंडाला मास्क, पंखा बंद. मे महिन्यात पंखा बंद, म्हणजे वऱ्हाडात काय होतं ते वऱ्हाडातल्या माणसालाच विचारावं. शेजारची शालूबाई एकदा साखर मागायला सरळ आत शिरली, तर सिंधूताईंनी तिला अशी हाकलली की ती महिनाभर बोलली नाही. “सिंधूच्या घरी जायाचं त आंगधुनं करून जा बाप्पा,” असं गल्लीत म्हणत.

आता एक सांगायला हवं. जानराव आणि सिंधूताई यांचा संसार वाईट होता असं कोणी म्हणणार नाही. दारू नाही, मारहाण नाही, पगार घरात. पण बोलणं नाही. ती त्यांना ‘रेणूचे बाबा’ म्हणायची आणि ते तिला नुसतं ‘अवं’ म्हणत. ताट वाढलं, जेवण झालं, ताट उचललं. दिवसभर लोकांच्या जखमा धुवून आलेला माणूस घरी आल्यावर हात बाजूला ठेवून दिल्यासारखा बसायचा. चाळीस वर्षांच्या संसारात रेणुकानं आईबापांना एकमेकांना हात लावताना पाहिलं नव्हतं. तापात कपाळावर ठेवायचा हातसुद्धा नाही.

संक्रांतीनंतरचा रविवार होता. न कळवता रेणुका पहिल्या बसनं निघाली आणि दहाच्या सुमारास घरी पोचली. पुढचं दार लोटलेलं होतं, आतल्या खोलीचं बंद. आई कामात आहे हे ओळखून तिनं आवाज केला नाही. दाराच्या वरच्या काचेतून तिनं आत पाहिलं, तेही काहीसं तपासणी करायच्याच हेतूनं. सवय जात नाही.

सिंधूताईंनी जुनी पट्टी काढली होती. चिकटपट्टीनं कातडी सोलून लाल झाली होती. त्यांनी औषधाचा बोळा नळीभोवती आतून बाहेर गोल फिरवला, रेणुकानं शिकवला तसा, दुसरा बोळा घेतला, तोही तसाच. जानरावांचं अंग आखडलं. सोललेल्या कातडीवर ते औषध कसं लागतं हे रेणुकाला ठाऊक होतं. आणि मग सिंधूताईंनी मास्क हनुवटीखाली ओढला, वाकल्या आणि नवऱ्याच्या पोटावर हळूहळू फुंकर घालू लागल्या. तान्ह्या लेकरासाठी दूध निववावं तशी ती फुंकर होती, सावकाश आणि न संपणारी.

रेणुकाचा हात कडीवर गेला. तेवढ्यात तिला बापाचा चेहरा दिसला. त्यांनी डोळे मिटले होते आणि ते हसत होते. असं हसताना तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या नोकरीच्या दिवशी नाही, तिच्या लग्नात नाही. मग त्यांनी डोळे उघडले आणि काचेतून त्यांना ती दिसली. सिंधूताईंची पाठ दाराकडे होती. जानरावांनी बायकोच्या डोक्यावरून लेकीकडे पाहत अगदी थोडी मान हलवली. नको.

सर्जनला सगळ्यांदेखत थांबवणारी बाई अंगणात जाऊन बराच वेळ पाय धूत बसली.

दुपारी आई शालूबाईकडे गेल्यावर ती बापाजवळ जाऊन बसली. “बाबा, तुमी मले साठ मोजाले लावत होते.”

“हाव.”

“मंग आता?”

जानरावांनी नजर छताच्या पत्र्याकडे वळवली. ते बोलतील असं तिला वाटलं नव्हतं. “लगन झालं तईपासून,” ते म्हणाले, “तुह्या मायनं माह्यावर कई माया केली असन त ती सैपाकातून. म्या तेवढीबी नाई केली. आता हे रोजचं एक मिनिट हाय. औषध सुकेपर्यंतचं. ते मले पायजे.”

“बाबा, जंतू गेला त पोटात पू होईन. तुमाले सांगा लागते का मी?”

“मले नको सांगू. म्या लय पू धुतला हाय,” ते म्हणाले. “अन् तिले त बिलकुल नको सांगू. तिले समजलं की आपल्याकून चुकून राह्यलं, त ती भेईन. पुन्हा जवय येनार नाई. तिचा सोभाव तुले ठाऊक हाय.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण तिला त्या दुपारी पहिल्यांदा लागली. पुढच्या वेळी सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं. पुढच्या वेळी आली तेव्हा नळीभोवतीची जागा कोरडी आणि स्वच्छ होती. त्याच्या पुढच्या वेळीही. बाप थोडा अंगानं भरला होता, आई गुणगुणत होती, घरात चक्क दोन माणसं एकमेकांशी भाजीवरून वाद घालत होती. “आई, मास्क नीट लावत जा,” एवढंच ती मोघम म्हणायची. सिंधूताई फणकारायच्या, “लावते नं वं! मले काय नवं हाय का आता?” आणि रेणुका विषय सोडायची. काही होत नाहीये तर काही होणारही नाही, यावर शहाणी माणसंही विश्वास ठेवतात. ती तर लेक होती.

एप्रिलमध्ये एका सकाळी पिशवीत उतरलेलं पाणी गढूळ आलं, तांदळाच्या धुवणासारखं. सिंधूताईंनी शिकवल्याप्रमाणे दहा मिनिटांत फोन केला, पिशवी जपून ठेवली आणि गाडी करून नवऱ्याला अकोल्याला आणलं. रेणुकाच्याच दवाखान्यात. पोटात औषधं सोडली, शिरेतून औषधं दिली. तिसऱ्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला. एरवी माणसाच्या तोंडात राहणारा जंतू.

“सिस्टर, घरी दोघंही मास्क लावतात ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो,” रेणुका म्हणाली.

“मग दाताचं वगैरे असेल. कधी कधी कुठून येतं ते कळतही नाही.”

ते खरंही होतं. खात्रीनं कोणीच काही सांगू शकलं नसतं. पण रेणुकानं दुसऱ्या कोणाच्या घरात हा रिपोर्ट पाहिला असता तर तिनं पहिला प्रश्न कोणता विचारला असता, हे तिला ठाऊक होतं. नळी काढली, ताप उतरेना. शेवटच्या दोन दिवसांत जानरावांना बोलता येत नव्हतं. सिंधूताई पायाशी बसलेल्या असत, रेणुका उशाशी. ती वाकली की ते तिच्याकडे बघत आणि तशीच थोडी मान हलवत. बाराव्या दिवशी ते गेले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सिंधूताई तेच सांगत. “दोन वर्सं केलं. एक दिस चुकला नाई. पंखा नाई लावला की खिडकी नाई उघडली.” लोक माना डोलवत, कारण ते सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. त्या एका गोष्टीवर ती बाई उभी होती. आणि रोज सकाळी चहाचं पातेलं चुलीवर ठेवताना, पाठ न वळवता, ती लेकीला विचारायची, “रेणू, माह्याकून त काई चुकलं नाई नं?”

“नाई आई,” रेणुका म्हणायची. रोज. तेवढंच तर आता तिच्या हातात उरलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव घातला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली, समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी जानरावांचा नोकरीतला फोटो. बौद्धाचार्य पुढे म्हणत होते, लोक मागे म्हणत होते. पंचशील लहानपणापासून रेणुकाच्या तोंडात बसलेलं. पहिली तीन ती म्हणाली. चौथं आलं, “मुसावादा वेरमणी”, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, आणि तिनं ते म्हटलं नाही. शेजारी आई स्पष्ट, मोठ्यानं म्हणत होती. पाचव्यालाही रेणुका नुसते ओठ हलवत राहिली.

जेवणं आटोपल्यावर अन्नपूर्णा आली. पलीकडच्या गल्लीतली, तिशीची. तिचा नवरा ज्ञानेश्वर टेम्पो चालवायचा. गेल्याच आठवड्यात त्याच्या पोटात तशीच नळी बसली होती. “मावशी, आजच्या दिशी नको येवाले पायजे होतं मले,” ती पदर हातात चुरगाळत म्हणाली, “पण उद्यापासून मले घरी कराचं हाय. दवाखान्यात शिकोलं, पण माह्ये हात थरथर करतात. तुमच्यावानी कोनी करत नाई, सारा गाव सांगते.”

कितीतरी दिवसांनी सिंधूताईंच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. “ये,” त्या म्हणाल्या आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. पलंगावर उशी ठेवून तिच्यावर उरलेल्या नळीचा तुकडा चिकटवला. रेणुका दाराशी येऊन उभी राहिली. आई शिकवत होती आणि एकही पायरी सुटत नव्हती. नखं कापायची. बांगड्या काढायच्या. कोपरापर्यंत हात, फिल्टरच्या पाण्यानं, “आपल्या खाऱ्या पान्यात साबन काम करत नाई, ध्यानात ठेव.” हात झटकायचे नाहीत. बोळा आतून बाहेर, आणि गेलेला बोळा परत आत आणायचा नाही. रेणुकाला आईचा अभिमान वाटला आणि तिचे डोळे भरून आले.

“अन् आता आयक,” सिंधूताईंनी आवाज खाली आणला. “हे तुले दवाखान्यात कोनी नाई सांगणार, हे माह्यं सोताचं हाय. औषधानं लय आग होते त्यायले. बोलत नाईत, पण होते. तवा मास्क जरासा खाली कराचा अन् हळूहळू फुंकर घालाची. पाय, अशी.” त्या उशीवर वाकल्या. “माह्या मानसाले एवढं बरं वाटे.”

अन्नपूर्णा मन लावून बघत होती. मग तीही वाकली, ओठांचा चंबू करून पाहू लागली.

रेणुकाला वाटलं, आत्ता गप्प बसावं आणि अन्नपूर्णाला नंतर रस्त्यात गाठून सांगावं. एवढं सोपं होतं ते. पण अन्नपूर्णा उद्या आईला विचारल्याशिवाय राहणार नाही, आणि विचारलं नाही तर ती ऐकेल कोणाचं, दोन वर्षं सगळ्या गावासमोर नवरा जगवलेल्या बाईचं की रस्त्यात बोललेल्या नर्सचं? आणि नंतर म्हणजे काय, हे ती एकदा पाहून चुकली होती. ज्ञानेश्वर चौतीस वर्षांचा होता.

“नाई,” ती म्हणाली. “फुंकाचं नाई, अन्नपूर्णा.”

दोघींनी वळून पाहिलं.

“तोंडात जंतू रायतात. फुंकरीसंगं ते पुसलेल्या जागेवर जातात अन् तिथून पोटात. मास्क खाली कराचाच नाई. साठ मोजाचे अन् आपोआप सुकू द्याचं. कितीबी आग झाली तरी.” हे सगळं ती अन्नपूर्णाकडे बघून बोलली. आईकडे बघायची तिची छाती झाली नाही.

अन्नपूर्णा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिली. सिंधूताईंचा हात उशीवर तसाच होता. बाहेर मांडवात कोणी सतरंज्या झटकत होतं. सिंधूताई अन्नपूर्णाला म्हणाल्या, “आयकलं नं? फुंकाचं नाई. साठ मोजाचे.” मग त्यांनी पट्टी उचलली. “आता पुढं पाय. पट्टी अशी ठेवाची. नळीले ओढ नाई बसली पायजे.”

त्यांनी शेवटपर्यंत शिकवलं. आवाज हलला नाही. अन्नपूर्णाला दोनदा करून दाखवायला लावलं, तिच्या नवऱ्यासाठी डब्यात खीर भरून दिली, दारापर्यंत जाऊन तिला निरोप दिला. परत आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

“तू पाह्यलं होतं?”

“हाव.”

“कई?”

“सकरात झाल्यावर. मी आली त्या इतवारी.”

सिंधूताईंनी बोटांवर महिने मोजले, तीन भरले. “अन् बोलली नाई.”

“बाबानं मना केलं, आई.” रेणुका खाली जमिनीवर बसली होती. तिला रडू आवरत नव्हतं आणि ते आवरायचा तिनं प्रयत्नही केला नाही. “चुकी माही हाय. मी बोलाले पायजे होतं. माह्यं कामच ते हाय.”

“त्यायले ठाऊक होतं?”

“एकतीस वर्सं ड्रेसर होते ते.”

हे सिंधूताईंच्या कधी मनातच आलं नव्हतं. दवाखान्यातला जानराव आणि घरातला जानराव अशी दोन माणसं त्यांनी आयुष्यभर वेगळी ठेवली होती. मग रेणुकानं सगळं सांगितलं, त्या दुपारचं, शब्द न् शब्द. रोजचं एक मिनिट. ते मले पायजे. तिला कळलं नाही तर ती जवळ येईल, कळलं तर येणार नाही.

ऐकता ऐकता सिंधूताईंच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उमटलं. नव्या नवरीला कोणी नवऱ्याचं नाव घ्यायला लावावं, तशी लाज. साठीच्या त्या बाईला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं की आपण कोणाला हव्या होतो. आणि ज्यानं ते सांगायचं तो बारा दिवस तापात जळून गेला होता, त्यांच्याच श्वासानं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, घट्ट, जणू आता तिथून वारा बाहेर पडू द्यायचा नव्हता.

रेणुका पुढे सरकली तशी त्यांनी हात काढले.

“येवढंच होतं?” त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरोखर विचारत होत्या. “जवय बसाचंच होतं नं? मंग एका शब्दानं सांगाचं होतं, वं. मी हात धरून बसली असती त्यायचा. साठ काय, सहाशे मोजले असते.” त्यांचा आवाज आता फुटला. “हात काय, पुन्हा धुतले असते.”